चित्रांतून चित्रपटांत

१९३१ सालच्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट लागला, तेव्हां त्याच्या नायकाची अवस्था मोठी विलक्षण होती. हा नायक म्हणजे मूकपटांच्या काळांतील अत्यंत लोकप्रिय नट मास्टर विठ्ठल. तलवारीचे हात, घोडदौड, उंचावरून उड्या, या सर्वांत त्याचा हातखंडा; परंतु बोलपटाला जें पाहिजे तें, म्हणजे हिंदी-उर्दूंत सफाईनें बोलणें, त्याच्यापाशीं नव्हतें. तेव्हां दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांनीं अशी योजना केली कीं, नायकानें बराच वेळ गुंगींत अथवा अर्धवट शुद्धींत असावें. ज्या चित्रपटानें पडद्याला वाचा दिली, त्याचाच नायक बहुतांशीं अबोल राहिला.

मास्टर विठ्ठलची ही गोष्ट चित्रपटांच्या इतिहासांत गमतीची म्हणून सांगितली जाते. पण तींत हंसण्यापेक्षां विचार करण्यासारखें अधिक आहे. ज्या गुणाच्या बळावर माणूस लोकांपुढें येतो, तोच गुण पुढें त्याच्या वाटेंत आडवा पडावा, असा अनुभव नटाच्या धंद्यांत वारंवार येतो. साठ वर्षांनंतर, पडद्याला बोलतें होऊन युग लोटलें असतांना, एका मराठी तरुणापुढें हाच प्रश्न निराळ्या स्वरूपांत उभा राहिला. मिलिंद सोमण हे ते तरुण. ते मूकपटांतून आले नव्हते. जाहिरातीच्या छायाचित्रांतून आले होते. छायाचित्र हा मूकपटाहूनहि अधिक मुका प्रकार. त्यांत माणूस बोलत तर नाहींच, पण हलतहि नाहीं.

जाहिरात आणि चित्रपट यांचें नातें आपल्याकडे तसें जुनें आहे. १९४१ सालीं लीला चिटणीस यांचें चित्र लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकलें, आणि त्या साबणासाठीं उभी राहिलेली पहिली भारतीय नटी असा मान त्यांना मिळाला. पण तोंवर 'कंगन' आणि 'बंधन' हे त्यांचे बोलपट देशभर गाजले होते. म्हणजे साबणानें नटीची कीर्ति उसनी घेतली होती. पुढें १९८० नंतर हा व्यवहार उलटला. प्रथम चेहरा जाहिरातींत यावयाचा, तो लोकांच्या डोळ्यांत भरावयाचा, आणि मग चित्रपटवाले त्याच्या शोधांत निघावयाचे. अशा रीतीनें चेहरा व शरीर जाहिरातीला देणाऱ्यांसाठीं 'मॉडेल' हा शब्द मराठींत रुळला. सोनाली बेंद्रे याच वाटेनें १९९४ सालीं 'आग' या चित्रपटांत आल्या. १९९३ च्या मिस इंडिया नम्रता शिरोडकर १९९८ सालीं पडद्यावर आल्या. परंतु या वाटेवरचे खाचखळगे पाहावयाचे असतील, तर सोमण यांच्याच आयुष्याकडे वळलें पाहिजे.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं झाला. वडील शास्त्रज्ञ, आई उषाताई जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक. विद्येसाठीं व संशोधनासाठीं साता समुद्रांपलीकडे गेलेल्या त्या पिढींतील मराठी कुटुंबांपैकींच हें एक. मुलगा सात वर्षांचा असतांना कुटुंब मायदेशीं परतलें आणि मुंबईंत दादरला, शिवाजी पार्कच्या परिसरांत राहूं लागलें. शिवाजी पार्क म्हणजे शहरी मराठी मध्यमवर्गाची पंढरीच म्हणावयाची. एका अंगाला समुद्र, मधोमध मैदान, मैदानाभोंवतीं कट्टा, आणि कट्ट्यावर गांवांतल्या, देशांतल्या व परदेशांतल्या सर्व प्रश्नांचा निकाल लावणारी मंडळी. या मैदानानें देशाला किती क्रिकेटपटू दिले, त्याची मोजदाद निराळीच करावी लागेल.

परंतु या मुलाची ओढ मैदानाकडे नव्हती, पाण्याकडे होती. पार्काच्या बाजूलाच महात्मा गांधींच्या स्मरणार्थ बांधलेला जलतरण तलाव आहे. तेथें त्याचें पोहणें सुरू झालें, आणि पुढचीं बरींच वर्षें त्याचें आयुष्य त्या तलावाच्या दोन भिंतींमध्यें गेलें. जलतरणाच्या शर्यतींचें शिक्षण किती रुक्ष असतें, याची कल्पना तलावाच्या कांठावर उभें राहून येत नाहीं. तेंच अंतर, तोच हात, तेंच वळण. एका दिवशीं शेंकडो वेळां, आणि असे दिवस वर्षाचे बारा महिने. गोळाबेरीज काय, तर वेळाच्या घड्याळांत एखाद्या सेकंदाच्या दहाव्या भागाची बचत. क्रिकेटच्या खेळाडूला निदान टाळ्या ऐकूं येतात. पोहणाऱ्याचें डोकें पाण्याखालीं असतें. त्याला आपल्या श्वासाखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं.

या साधनेचें फळहि मिळालें. १९८४ सालीं काठमांडू येथें दक्षिण आशियाई देशांचे पहिले क्रीडासामने भरले, त्यांत सोमण यांनीं जलतरणांत रौप्यपदक मिळविलें. १९८४ ते १९८८ या काळांत ते राष्ट्रीय विजेते राहिले. याच सुमारास त्यांनीं विद्युत् अभियांत्रिकीची पदविकाहि पूर्ण केली. कारण शिवाजी पार्कच्या घरांत नुसत्या पदकांवर मुलाची सुटका होत नसते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पोहणारा मनुष्य आपलें शरीर कोणास दाखविण्यासाठीं घडवीत नाहीं. खांदे रुंद होतात, कंबर बारीक राहते, अंगावर चरबी ठरत नाहीं, हें सारें पाण्यानें केलेलें असतें. तो त्या कष्टांचा हिशेब असतो, शोभा नव्हे. सोमण यांच्या शरीराची पुढें जी कीर्ति झाली, ती सारी या तलावाची मिळकत होती. पण चार वर्षें राष्ट्रीय विजेतेपद सांभाळणाऱ्या पोहणाऱ्याचें नांव वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, तेंहि बारीक टाइपांत यावयाचें. त्याच शरीराचें एक छायाचित्र मासिकाच्या पानभर छापलें गेलें, आणि देश त्यांना ओळखूं लागला.

तें असें झालें. १९८९ सालीं एके दिवशीं त्यांना अचानक दूरध्वनि आला. कोणीतरी त्यांना कोठेंतरी पाहिलें होतें. ठाकरसीच्या कापडाची जाहिरात करावयाची होती. छायाचित्रासाठीं उभें राहाल काय, अशी पृच्छा होती. सोमण स्वभावानें लाजाळू. मॉडेल होणें हा कांहीं धंदा असूं शकतो, हेंहि त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांनीं प्रथम नकार दिला. मग एका तासाच्या कामाचे ५०,००० रुपये मिळतील असें सांगण्यांत आलें, तेव्हां नकार टिकला नाहीं. हें सर्व त्यांनींच पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. त्या काळीं कित्येक सुशिक्षित घरांचें सबंध वर्षाचें उत्पन्न या रकमेहून कमी असे.

कापडाच्या जाहिरातीला इतका पैसा यावा, याचाहि एक संदर्भ आहे, आणि तो शिवाजी पार्कहून फारसा दूर नाहीं. परळ-लालबागच्या गिरणगांवांत १९८२ च्या जानेवारींत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपानें सुमारें अडीच लाख कामगारांचीं घरें मोडून टाकलीं होतीं. गिरण्या एकामागून एक थंड पडत होत्या. कापड विणणारा हात निकामी होत होता, आणि कापड अंगावर घालून उभा राहणारा देह महाग होत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं सरळ कार्यकारणभाव जोडणें धाडसाचें होईल. पण दोन्ही एकाच शहरांत, चार-दोन मैलांच्या अंतरांत घडत होत्या, एवढें नमूद करणें प्राप्त आहे.

मॉडेलच्या कामाविषयीं लोकांची समजूत अशी कीं, त्यांत करावयाचें कांहींच नसतें. तें खरें नाहीं. तीव्र दिव्यांखालीं, अंगाला न सवयीच्या कपड्यांत, सहज उभें असल्यासारखें दिसणें ही अवघड गोष्ट आहे. तरी तिची जात अभिनयाच्या उलट आहे, हेंहि मान्य केलें पाहिजे. नटानें आपल्या मनांतलें बाहेर आणावयाचें असतें. मॉडेलनें मनांतलें कांहीं दिसूं द्यावयाचें नसतें, म्हणजे मग पाहणारा त्या जागीं स्वतःचें मन बसवितो, आणि कापड विकत घेतो. रिकामेपणा हेंच तेथें कौशल्य. सोमण यांच्यांत मुळांतच एक अलिप्तपणा होता. तो जाहिरातीला फार मानवला.

चित्रपटानें त्यांना लौकरच हांक मारली, आणि लौकरच परतहि पाठविलें. मन्सूर खान यांच्या 'जो जीता वही सिकंदर' या चित्रपटांत श्रीमंत घरच्या शेखर नांवाच्या सायकलपटूची भूमिका प्रथम सोमण करीत होते. बरेंचसें चित्रणहि झालें होतें. परंतु मध्येंच ती भूमिका त्यांच्याकडून जाऊन दीपक तिजोरी यांच्याकडे गेली, आणि १९९२ सालीं चित्रपट लागला तो त्यांच्यासह. पुष्कळ वर्षांनीं सोमण यांचीं त्या चित्रणांतील छायाचित्रें लोकांच्या पाहण्यांत आलीं, तेव्हां अनेकांना आश्चर्य वाटलें. चालतें-बोलतें चित्र गेलें, स्थिर चित्र तेवढें उरलें. त्यांच्या बाबतींत त्या काळीं असेंच होत राहिलें.

पुढें १९९५ साल उजाडलें. या एका सालानें त्यांना घरोघरीं पोहोंचविलें आणि न्यायालयांतहि नेलें.

प्रथम घरोघरीं कसें पोहोंचविलें तें पाहूं. १९९१ नंतर देशाच्या अर्थव्यवहाराचीं दारें उघडलीं, उपग्रहाच्या मार्गानें नव्या वाहिन्या आल्या, आणि चित्रपटाशीं कांहीं संबंध नसलेलीं गाणीं त्यांवरून दिवसरात्र वाजूं लागलीं. अलिशा चिनॉय यांनीं गाइलेलें 'मेड इन इंडिया' हें त्यांपैकीं सर्वांत गाजलेलें. संगीत बिड्डू यांचें. गाण्याच्या चित्रांत एक राजकन्या देशोदेशींच्या वरांना नाकारते, आणि अखेर एका लांकडी पेटाऱ्यांतून तिच्या मनाजोगा पुरुष बाहेर येतो. तो पुरुष म्हणजे सोमण. ते गात नाहींत, बोलत नाहींत; उघड्या अंगानें केवळ प्रकट होतात. सबंध गाणें दुसऱ्यांनीं म्हणावें आणि लक्षांत राहावें तें न बोलणाऱ्यानें, हा चमत्कार मास्टर विठ्ठलला पाहावयास मिळता तर त्याला धीर आला असता.

या प्रसिद्धीचें रूप नवें होतें. घोडनदीच्या कांठचें शिरूर घ्या, किंवा भीमेकांठचें दौंड घ्या; अशा तालुक्याच्या गांवांची नटांशीं ओळख आजवर व्हावयाची ती तमाशाच्या फडांत, जत्रेच्या दिवसांत तंबूंतल्या सिनेमांत, नाहींतर गांवच्या चित्रगृहांत. नट यावयाचा तो एखाद्या गोष्टीचें बोट धरून. तो राम असे, शिवाजी असे, निदान एखादा खलपुरुष तरी असे. आतां प्रथमच असा एक चेहरा घरांतल्या पडद्यावरून आंत आला कीं, ज्याला कोणतीच गोष्ट नव्हती. त्यानें कोणाचा सूड घेतला नव्हता, कोणावर प्रेम केलें नव्हतें, त्याचें घराणें-गांव कांहीं ठाऊक नव्हतें. तो फक्त दिसला होता. अशा चेहऱ्याची लोकप्रियता अफाट पसरते खरी. पण पुढें तो चेहरा जेव्हां एखादी गोष्ट सांगूं लागतो, तेव्हां ती ऐकावयास लोक तयार असतातच असें नाहीं.

आतां न्यायालयाकडे. त्याच वर्षीं टफ नांवाच्या बुटांची एक जाहिरात मासिकांतून प्रसिद्ध झाली. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचें. त्यांत सोमण यांच्यासह मधु सप्रे आहेत. दोघांच्याहि अंगावर वस्त्र नाहीं, पायांत बूट मात्र आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं एक अजगर वेढे देऊन आहे. विकावयाचे होते ते बूट. परंतु चित्र पाहणाऱ्यांपैकीं कितीजणांची दृष्टि बुटांपर्यंत पोहोंचली असेल, हें त्या कारखानदारालाच ठाऊक. ऑगस्ट महिन्यांत मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेनें अश्लीलतेचा गुन्हा नोंदविला. दोन्ही मॉडेलांखेरीज जाहिरातीशीं व तिच्या छपाईशीं संबंध असलेल्यांवरहि आरोप ठेवण्यांत आले. अजगराच्या वापराबद्दल वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याखालीं आणखी एक प्रकरण उभें राहिलें.

मधु सप्रे यांचाहि इतिहास येथें जुळणारा आहे. त्याहि खेळाच्या मैदानावरून आलेल्या. १९९२ च्या विश्वसुंदरी स्पर्धेंत त्या अखेरच्या तिघींत पोहोंचल्या होत्या. देशाच्या प्रमुख झालांत तर काय कराल, या प्रश्नाला इतर सुंदऱ्या दारिद्र्य निवारणाचीं वचनें देत असतां त्यांनीं खेळांसाठीं क्रीडांगण बांधीन असें सरळ उत्तर दिलें, आणि मुकुट दुसरीकडे गेला, असें पुष्कळांचें मत आहे. म्हणजे ज्या दोन देहांवरून हा सारा गदारोळ झाला, ते दोन्ही देह खेळाडूंचे होते. व्यायामानें घडलेले होते.

महाराष्ट्राला असे वाद नवे नव्हते. १९३८ सालीं मास्टर विनायक यांच्या 'ब्रह्मचारी' या बोलपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखांत पडद्यावर आल्या, तेव्हां केवढी खळबळ उडाली होती. आचार्य अत्रे यांची कथा, विनोदाचा मामला, आणि पोषाखहि आजच्या मानानें अगदीं सोज्वळ. तरी ज्यांनीं नांवें ठेवलीं त्यांनीं ठेवलीं, आणि ज्यांनीं नांवें ठेवलीं त्यांतले बरेच चित्रपट पाहून आलेले होते. (वर ज्यांचा उल्लेख आला त्या नम्रता शिरोडकर या मीनाक्षीबाईंच्याच नात.) त्याहून गंभीर प्रकरण र. धों. कर्वे यांचें. 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न चित्रें छापीत आणि आंत लैंगिक प्रश्नांची उघड चर्चा करीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरी कर्वे यांना २०० रुपये दंड भरावाच लागला.

कर्वे आणि बुटांची जाहिरात यांना एका तागडींत तोलणें अर्थात् अन्यायाचें होईल. कर्वे यांच्यामागें एक विचार होता, आणि त्यासाठीं त्यांनीं नोकरी, पैसा व लौकिक यांवर पाणी सोडलें होतें. येथें विचार होता तो खपाचा. परंतु कायद्याचें पुस्तक हेतूचा असा बारीक भेद करीत नव्हतें. १९६४ सालच्या रणजित उदेशी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 'हिकलिन' ही इंग्लंडमधील जुनी कसोटी स्वीकारली होती. ज्यांचीं मनें अशा गोष्टींनीं बिघडूं शकतात त्यांच्यावर या चित्राचा परिणाम काय होईल, असें ही कसोटी विचारी. म्हणजे प्रश्न सर्वसामान्य माणसाचा नसून सर्वांत दुबळ्या मनाच्या माणसाचा. ती कसोटी सर्वोच्च न्यायालयानें बाजूला ठेवली ती २०१४ सालीं, आणि तोंवर सोमण-सप्रे यांचा खटला संपून गेला होता.

तो संपावयास चौदा वर्षें लागलीं. १९९५ सालीं काढलेल्या एका चित्राचा निकाल २००९ सालीं लागला, आणि दोघेंहि निर्दोष सुटलीं. एवढ्या काळांत त्या बुटांची जाहिरात विस्मृतींत गेली होती, आणि ज्या चित्रानें तरुणांचीं मनें बिघडतील असें भय होतें, ते तरुण मुलाबाळांचे धनी झाले होते. मधु सप्रे यांनीं २००३ सालीं 'बूम' या चित्रपटांत काम केलें, पण पडद्यावर त्या रमल्या नाहींत. सोमण मात्र नेटानें नटाच्या धंद्यांत उतरले. खटल्याचीं हीं चौदा वर्षें म्हणजेच त्यांच्या नटपणाच्या उमेदवारीचीं वर्षें. एकीकडे त्यांच्या एका चित्राविषयीं न्यायालय विचार करीत होतें. दुसरीकडे ते त्या चित्रापासून दूर कसें जावें, याचा विचार करीत होते.

ही उमेदवारी दूरदर्शनपासून सुरू झाली. 'अ माउथफुल ऑफ स्काय' ही इंग्रजी भाषेंतील आपल्याकडची पहिली मालिका त्याच १९९५ सालीं निघाली, तींत ते होते. १९९८ सालीं केतन मेहता यांच्या 'कॅप्टन व्योम' या मालिकेंत ते भविष्यकाळांतील अंतराळवीर झाले, आणि लहान मुलांचे आवडते झाले. मुलांचा प्रेक्षकवर्ग एका अर्थीं निर्दोष असतो. त्याला जाहिरातींतला मनुष्य आठवत नाहीं, समोरचा शूर पुरुष दिसतो. २००० सालीं 'तरकीब' या हिंदी चित्रपटांत ते आले. नाना पाटेकर आणि तब्बू यांच्यासारखीं मुरलेलीं माणसें बरोबर होतीं. २००२ सालीं '१६ डिसेंबर' आला. हे चित्रपट पाहतांना असें वाटतें कीं, दिग्दर्शकांना सोमण यांच्या उंचीचें, चालण्याचें, मुद्रेचें काय करावें हें कळत होतें; त्यांच्या मनाचें काय करावें हें कळत नव्हतें. चौकट सुंदर दिसे, आणि प्रसंग तेथेंच थांबे.

त्यांत 'अग्निवर्षा' हा अपवाद. गिरीश कार्नाड यांच्या 'अग्नि मत्तु मळे' या कन्नड नाटकावरून अर्जुन सजनानी यांनीं तो २००२ सालीं काढला. महाभारतांतील यवक्रीताच्या उपाख्यानावर त्याची उभारणी आहे. सोमण यांच्याकडे भूमिका होती अरवसूची. हा अरवसू मोठ्या याज्ञिक घराण्यांतील धाकटा मुलगा. त्याला नट व्हावयाचें आहे. पण ब्राह्मणाच्या मुलानें रंगभूमीवर उभें राहणें कुळाला मान्य नाहीं. तो देह मंत्रासाठीं आहे, सोंगासाठीं नाहीं. शेवटीं तो वृत्रासुराचा मुखवटा चढवून नाटकांत उभा राहतो, तेव्हां मुखवटा त्याचा ताबा घेतो. ही भूमिका सोमण यांना देतांना दिग्दर्शकाच्या मनांत काय होतें, तें सांगतां येणार नाहीं. पण ज्याचा चेहरा हाच मुखवटा होऊन बसला होता, अशा माणसानें ती करावी यांत योगायोग असेल तर तो मोठा मार्मिक म्हटला पाहिजे. त्याच चित्रपटांत निषादकन्या नित्तिलाईची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनीं केली होती. या दोघांची गांठ पुन्हां पडावयाची होती.

ती पडली मराठींत, सचिन कुंडलकर यांच्या 'गंध' या चित्रपटांत. त्यांत तीन स्वतंत्र कथा आहेत, आणि तिन्हींना जोडणारा धागा वासाचा आहे. मधल्या कथेचें नांव 'औषध घेणारा माणूस'. तिच्यांतल्या नायकाला एच. आय. व्ही. ची बाधा झालेली आहे. दूर गेलेली पत्नी त्याला भेटावयास आली आहे. पत्नीच्या भूमिकेंत सोनाली कुलकर्णी, आणि नायक सोमण. घरांतल्या घरांत, दोन माणसांच्या बोलण्यांत आणि न बोलण्यांत ही कथा घडते. ज्या शरीराकडे देशानें वीस वर्षें निरोगीपणाचा नमुना म्हणून पाहिलें, तेंच शरीर येथें गोळ्यांच्या वेळापत्रकावर जगत आहे. एरवीं जाहिरातींत शोभणारा त्यांचा अलिप्तपणा येथें एकटेपणा होऊन येतो. त्यांत त्यांनीं फार मोठा अभिनय केला आहे असा आव आणण्याचें कारण नाहीं. सोनाली कुलकर्णी यांच्या समोर ते कांहीं ठिकाणीं बिचकतात, हें दिसतें. पण भाषा घरची आहे, आणि बिचकणेंहि त्या भूमिकेला शोभून जातें. या चित्रपटाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यापुढची हकीगत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'संहिता' चित्रपटांत ते संस्थानिक राजा झाले. 'बाजीराव मस्तानी' या २०१५ सालच्या हिंदी चित्रपटांत अंबाजीपंत झाले. त्याच वर्षीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथें पोहणें, सायकल चालविणें व धांवणें मिळून होणारी 'आयर्नमॅन' ही कठीण शर्यत त्यांनीं पुरी केली. म्हणजे एका अर्थीं ते पुन्हां पाण्याकडे गेले. त्यांच्या मातोश्री उषाताई नऊवारींत नव्हे पण साध्या गोल साडींत, अनवाणी त्यांच्याबरोबर धांवल्या, तें दृश्य तर त्यांच्या कोणत्याहि चित्रपटापेक्षां अधिक लोकांच्या लक्षांत आहे.

'गंध' मराठी चित्रगृहांत लागला तें साल २००९. बुटांच्या जाहिरातीचा निकाल लागला तेंहि साल २००९. तिशी गांठण्यापूर्वीं काढलेलें एक छायाचित्र गुन्हा नव्हे, असें चाळिशी उलटल्यावर न्यायालयानें सांगितलें. आणि त्याच वर्षीं हा मनुष्य मराठी प्रेक्षकांपुढें अंगभर कपड्यांत, आजारी, दाढीचे खुंट वाढलेल्या नायकाच्या घरांतून त्यांच्या भाषेंत बोलूं लागला, तो अशा एका चित्रपटांत कीं ज्याचा विषयच वास हा होता, म्हणजे कोणत्याहि छायाचित्रांत जो कधीं उतरत नाहीं.